बुडबुडा काढलेली मुलगी

तुम्हीच केलंत हे. दुसऱ्या कोणावर ढकलू नका. तुम्हीच केलंत, आणि वर नामानिराळे होऊन बाहेरच्या बाकावर पायावर पाय टाकून बसलात.

बोटांच्या चिमटीत काचपट्टी. खिडकीच्या उजेडाकडे धरली की मधोमध जांभळट गुलाबी डाग दिसतो, नखावरच्या चंद्रकोरीएवढा... हा सरांच्या घशातला तुकडा. काल लॅबमध्ये ती मेणाच्या ठोकळ्यातून त्याचे काप काढत होती तेव्हा ठोकळ्यावर नुसता आकडा होता, आणि आकड्याला कोणी सर म्हणत नाही. सकाळी रंग चढवला, पट्टी वाळवली, सवयीनं भिंगाखाली सरकवली—रंग नीट बसलाय की नाही एवढंच बघायचं तिचं काम. निदान करणं मोठ्या डॉक्टरांचं, सही त्यांची, ते दुपारी येतात. पण डोळा काय सहीसाठी थांबतो? बघून झालं. मग चिठ्ठी डकवायला घेतली आणि चिठ्ठीवर नाव वाचलं.

आधी बघायचं, नाव मागून. तुमचाच नियम, सर. पाळला मी.

वरचा थर विटा रचल्यासारखा असायला हवा. विटांखाली एक रेघ हवी आणि त्या रेघेच्या खाली कोणी उतरायचं नाही. इथे रेघ मोडून पेशी खाली घुसल्या होत्या, घोळक्याघोळक्यानं, कोणाचं ऐकत नसल्यासारख्या. आणि काही घोळक्यांच्या पोटात गुलाबी वर्तुळं, एकात एक, एकात एक—मोती म्हणतात त्यांना. ज्या कोणी हे नाव ठेवलं त्याच्या घरचं माणूस कधी पट्टीवर आलं नसणार.

कांदा आठवतो... असाच, एकात एक. कॉलेजातलं पहिलं प्रॅक्टिकल, कांद्याचा पापुद्रा. ट्रक चालवणाऱ्याची पोर, दाराजवळच्या टेबलाशी उभी, हात घामेजलेले, मायक्रोस्कोपला हात लावायची वेळ पहिलीच, आणि भिंगात दिसलं ते काय देखणं!—गोल, काठाला जाड काळी कड, आत नुसता प्रकाश. तिनं जीव ओतून ते काढलं. शेजारच्यानं कागदात डोकावून बघितलं आणि बोंब ठोकली, ‘‘हवेचा बुडबुडा काढलाय हिनं!’’ सगळा वर्ग फुटला. तिला वाटलं, दार जवळ आहे तेवढं बरं आहे.

सरांनी तिचा कागद उचलला. शांतपणे बघितला. मग बोंब मारणाऱ्याच्या भिंगाला डोळा लावला, मग त्याच्या पलीकडच्या, मग आणखी एकाच्या...

‘‘तू तर पेशी काढल्यास, भिंतींसकट. सुरेख. पण तुझ्या पट्टीवर कांदाच नाही रे, शहाण्या! कुठे दिसल्या?’’ आणि तो आवाज, माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत जाणारा: ‘‘हिनं बुडबुडा काढला, कारण हिला बुडबुडा दिसला. इथे बघणारी ही एकटी आहे. बाकी तुम्ही सगळे नकलाकार.’’

त्या दिवसापासून ती बुडबुडे. पोरं चिडवायला म्हणत, सर हजेरी घेताना म्हणत, आणि सरांच्या तोंडी ते बिरुद वाटे. त्यांच्या प्रॅक्टिकलला खोडरबर आणायची बंदी. चुकलेली रेघ कागदावर राहू दे, म्हणत, आपण कुठे बघायचं सोडलं ते कळतं त्यावरून. थोरल्या भावानं घरी तमाशा केला, ‘‘शिकून काय दिवे लावणार आहे ही?’’, तेव्हा सर संध्याकाळी घरी आले, खाटेच्या कडेवर टेकले, भावाला म्हणाले, ‘‘दिवा मायक्रोस्कोपला असतोच. हिनं नुसतं बघायचंय.’’ वडील हसले. वडील हसले म्हणून भाऊ गप्प बसला. एवढ्याशा हसण्यावर माझं आख्खं आयुष्य उभं आहे—ही नोकरी, ही पांढऱ्या कोटाची बाही, भावासमोरची ताठ मान. उपकार म्हणायची लाज वाटते मला. तो शब्द निरोपसमारंभात हार घालणारे वापरतात, ज्यांना सरांनी काय शिकवलं हे विचारलं तर विषयाचं नावसुद्धा सांगता येणार नाही...

‘‘ताई.’’ काउंटरवरची धाकटी दारात. ‘‘ते बाहेरचे आजोबा विचारतायत, बुडबुडेबाई आल्या का. मी म्हटलं, अशा कोणी नाहीत इथे. तर हसायलाच लागले. आवाज फुटत नाहीये तरी हसतायत. ... काय झालं? तुमचा चेहरा बघा.’’

‘‘काही नाही. त्या मीच.’’

बाहेर गेली ती. सर वाळले होते, शर्टची कॉलर गळ्याभोवती सैल, जणू दुसऱ्याच कोणाचा शर्ट घातलाय. शेजारी काकूंची पिशवी. काकू औषधांच्या खिडकीशी रांगेत. सर बोलले आणि तिला खाली वाकावं लागलं, कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागला—शेवटच्या बाकावर पोचणाऱ्या आवाजासाठी!

‘‘तुझी काकू खूश आहे. लग्नानंतर पहिल्यांदा तिचं वाक्य पुरं होतंय म्हणते.’’

तिला हसता आलं. कसं आलं कोणास ठाऊक.

‘‘बघितलंस?’’

‘‘सर, रिपोर्ट डॉक्टर देतात. संध्याकाळी—’’

‘‘रोगाचं नाव कोण विचारतंय? नाव त्यांनी द्यावं.’’ मध्ये थांबले, आवंढा गिळताना डोळे मिटले. ‘‘काकूसमोर डॉक्टर सगळं गुळमुळीत सांगतील. तू मला काढून दे. दिसलं तसं. पेन्सिलीनं.’’

‘‘नको ना, सर.’’

‘‘का? हात बिघडला?’’

तेच डोळे. तपासायला कागद हातात घेतानाचे.

ती आत आली. कोरा कागद, टोकदार पेन्सिल. डावा डोळा भिंगात, उजवा कागदावर, दोन्ही उघडे—हेही त्यांनीच शिकवलेलं, सुरुवातीला डोकं भणभणायचं, सर म्हणायचे, भणभणू दे, एका डोळ्यानं जग बघायची सवय सगळ्यांनाच असते. हात चालू लागला. पहिली रेघ, दुसरी. धाकटी मागे फोनवर कोणाला तरी वेळा सांगत होती. बरं वाटत होतं काढताना, विचित्र बरं, जुन्या दिवसांसारखं... आणि मग तिनं कागदाकडे नीट पाहिलं.

विटांवर विटा. खाली रेघ, अखंड, कुठेही न मोडलेली. रेघेखाली कोणीही नाही. निरोगी घसा, पुस्तकाच्या पानावर असतो तसा, देखणा—आणि पट्टीवर नसलेला. त्या बोंब मारणाऱ्या पोराच्या पेशींसारखा. डावा डोळा सगळं बघत होता आणि हात नकलाकार झाला होता.

ड्रॉवर उघडला. बाटल्या, चिमटे, चिठ्ठ्यांची गुंडाळी. खोडरबर नाही. तिनं कधी ठेवलाच नव्हता, इतक्या वर्षांत एकदाही नाही, आणि आज तेवढ्यासाठी सरांचा राग आला, असा राग की दात आवळले गेले—मला आंधळी ठेवली असतीत तर काय बिघडलं असतं? हसू दिलं असतंत त्या दिवशी सगळ्यांना. मी दारातून गेले असते, कुठेतरी संसारात पडले असते, आणि आज तुमच्या शेजारी बाकावर बसून म्हणाले असते, काही नसेल हो सर, सगळं ठीक येईल. खरं वाटलं असतं मला ते! पण ती पट्टी मग दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्याखाली गेली असती, ज्याला तुम्ही फक्त आकडा... तेही नकोय. तेही सहन होत नाही.

काचेच्या दारापलीकडे सर दिसतायत. काकू औषधं घेऊन परतल्यात, काहीतरी सांगतायत, आणि सर त्यांचं वाक्य पुरं होऊ देतायत. मग त्यांनी इकडे पाहिलं. भुवया उंचावल्या—झालं?

खोटा घसा तिनं फाडला नाही. बाजूला ठेवला, चूक कागदावर राहू दिली. दुसरा कागद ओढला. पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलंय आणि पुढे सरकत नाहीये, आणि राग कुठे गेला समजत नाही, त्याच्या जागी फक्त तो पहिल्या दिवसाचा घाम आहे, दाराजवळच्या टेबलाशी.

बघायला शिकवलंत. दिसेल तेच काढायला शिकवलंत. पण ज्यानं शिकवलं त्यालाच हे कोणत्या हातानं दाखवायचं, ते कुठल्या तासाला शिकवणार होतात, सर? मी एकही तास चुकवलेला नाही. सांगा. आवाज नसला तर खुणेनं सांगा.

पण सांगा.