शीत त्याच पातेल्यातलं हवं

"घर म्हणजे माणसाची प्रजा. ती धाकात ठेवली तरच घर उभं राहतं," असं सेनापतींनी सकाळच्या चहाला बसल्या बसल्या जाहीर केलं, आणि प्रजेपैकी कुणीतरी वरून थेट त्यांच्या कपात उडी टाकली.

ती सिलिंगची खपली होती.

सेनापती कुठल्याही सैन्यात कधी नव्हते. पंपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले ते घरातले थोरले भाऊ. जन्मभर त्यांनी हुकूम सोडले, आणि ते पाळायचं काम त्यांच्या बायकोनं, म्हणजे जाऊबाईंनी, सवड असेल तेव्हा केलं. धाकट्या भावाच्या बायकोला सगळे धाकटीच म्हणत. जुन्या इमारतींत जायचं, छताचे, भिंतीचे, फरशीचे बारीक तुकडे काढून आणायचे आणि त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस आहे का ते लॅबमध्ये तपासून घ्यायचं, ही तिची नोकरी. सेनापती पाहुण्यांना सांगत, "हिला लोकांची घरं पोखरायचा पगार मिळतो. आमच्याकडे उंदीर हे काम फुकट करायचे."

खपली बोटानं काढून चहा पिण्याचा त्यांचा बेत होता. तेवढ्यात धाकटीनं कपावर हात ठेवला, पंखा बंद केला, टेबल ओल्या फडक्यानं पुसून काढलं. मग कप, कपातला चहा आणि चहातली खपली एका घट्ट झाकणाच्या डब्यात गेली, डबा पिशवीत गेला, पिशवी दुसऱ्या पिशवीत गेली, आणि वर चिठ्ठी लागली. कारखान्यानं निरोप देताना दिलेला, पंपाचं चित्र असलेला तो कप होता. सेनापतींनी तो असा डोळ्यांदेखत जाताना पाहिला आणि आपल्याला साधा चहाही सुखानं मिळू नये याचा राग सिलिंगवर काढायचं ठरवलं.

निमित्त तयारच होतं. त्यांची मुलगी तान्ह्या लेकीला घेऊन कायमची राहायला येणार होती आणि हीच खोली त्या दोघींना द्यायची होती. नातीच्या डोक्यावर असलं खपल्या गाळणारं छत नको. येत्या सुट्टीला मी स्वतः हातोडा घेऊन ते खाली आणतो, असा त्यांनी हुकूम काढला. या वेळी हुकूम त्यांनी स्वतःलाच दिला असल्यामुळे तो पाळला जाण्याची भीती होती.

सिलिंगला ठोकलेल्या इतक्या जुन्या बोर्डात काय असू शकतं ते धाकटीनं रोजच्या कामात पाहिलं होतं. बोर्ड शाबूत असतो तोवर तो गरीब असतो. हातोडा बसला की त्यातले तंतू हवेत उडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला कळत नाहीत, आणि एकदा फुप्फुसात शिरले की हट्टी भाडेकरूसारखे निघत नाहीत. त्यांनी आत काय नासधूस केली ते कळायला वर्षं जातात. आणि येणारं बाळ थोड्याच दिवसांत रांगायला लागणार, म्हणजे जिथे धूळ बसते तिथेच नाक घेऊन फिरणार. तिनं हे सगळं सांगितलं. सेनापतींनी ऐकून घेतलं आणि आम्ही याच छताखाली लहानाचे मोठे झालो, आम्हाला काय धाड भरली, असं विचारलं. आतल्या खोलीतून सासरे खोकले. पण ते कुणीही काहीही विचारलं तरी खोकत.

कपातली खपली लॅबमध्ये गेली. सूक्ष्मदर्शकावर बसणारी धाकटीची मैत्रीण म्हणाली, हा नुसता वरचा रंग आहे, आतल्या बोर्डाबद्दल हा काहीही सांगू शकत नाही, आणि साखर जरा जास्त आहे. बोर्डाचा तुकडा हवा, रंगापासून पाठीपर्यंतचा.

हे ऐकल्यावर सेनापतींच्या डोक्यात प्रकाश पडला. धाकटीच्या हाताला यश येण्याआधी आपणच नमुना पाठवावा आणि प्रकरण मिटवून टाकावं. त्यांनी तुकडा गुपचूप एका दुसऱ्या लॅबला पाठवला, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सगळ्यांना त्या खोलीत बोलावलं. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात अहवाल. अहवालात लिहिलं होतं, अ‍ॅस्बेस्टॉस आढळलं नाही.

"शितावरून भाताची परीक्षा," ते म्हणाले. "एवढ्यासाठी लोक नोकऱ्या करतात."

जाऊबाईंनी धाकटीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हार नव्हती, म्हणून त्या निवांत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

धाकटी वर पाहत होती. सगळ्या सिलिंगवर बोर्ड खिळ्यांनी ठोकलेले होते. खिडकीवरच्या कोपऱ्यात मात्र स्क्रू होते, आणि तिथला रंग अंगावर घेतलेल्या मापाबाहेरच्या सदऱ्यासारखा वेगळा दिसत होता. तिनं सिलिंगला कुठे भोक पडलंय का तेही पाहिलं. कुठेच नव्हतं.

"भाऊजी, मागे कोपरा गळला होता, तेव्हा तो तुम्हीच दुरुस्त केलात ना?"

सेनापतींची छाती फुगली. ही कथा त्यांनी घरातल्या प्रत्येकाला, आणि काहींना दोन-दोनदा, ऐकवली होती. "या दोन हातांनी. कारागीर बोलावला नाही की काही नाही."

"बोर्ड नवा आणला होतात?"

"नवा कोरा."

"मग उरलेला तुकडा टाकून दिलात?"

"टाकेन कशाला? माळ्यावर ठेवला. मी कधी काही टाकतो का? केव्हा तरी उपयोगी पडतोच, आत्ता बघ, नमुना द्यायला..."

इथे ते थांबले. खोलीत कुणी हसलं नाही, हीच मोठी माणुसकी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि इथे तर दोन्ही हात दाखवले होते.

"शितावरून भाताची परीक्षा होते, भाऊजी," धाकटी म्हणाली, "पण शीत त्याच पातेल्यातलं हवं."

जाऊबाई पुढे झाल्या, त्यांनी नवऱ्याच्या हातातून हातोडा काढून घेतला आणि सेनापतींनी तो काढू दिला.

पुढचा वेळ धाकटीच्या राज्याचा. सगळ्यांना खोलीबाहेर काढण्यात आलं. खिडक्या बंद, दार बंद, पंखा बंद. सेनापतींचा हात सवयीनं पंख्याच्या बटणाकडे जातो हे ठाऊक असल्यामुळे बटणावर चिकटपट्टी. जाऊबाई सवयीनं केरसुणी घेऊन आल्या, त्यांना केरसुणीसह परत पाठवण्यात आलं. झाडलं की बसलेलं उडतं, आज फक्त ओलं फडकं. सेनापती अंगणात जाऊन खिडकीच्या काचेला नाक लावून उभे राहिले आणि शेजाऱ्यांनी विचारलं तर देखरेख करतोय म्हणून सांगू लागले.

आत धाकटीनं खाली प्लास्टिक अंथरलं, पांढरा अंगरखा चढवला, हातमोजे घातले, चेहऱ्याला गच्च बसणारा गाळणीचा मास्क लावला आणि तो कुठून हवा तर घेत नाही ना ते तपासलं. मग एका जुन्या बोर्डाची कड साबणाच्या पाण्यानं फवारली. थांबली. पाणी मुरू दिलं, पुन्हा फवारलं. जाऊबाई दाराच्या काचेतून पाहत होत्या. ओल्या केसांत तेल मुरवावं तशा मायेनं चाललेलं ते काम पाहून, ही स्वयंपाकघरात एवढी सावकाश कधीच नसते, असं त्यांच्या मनात आलं. पाणी मारत मारत कटर रंगातून, बोर्डातून, पाठीपर्यंत गेला आणि नखाएवढा तुकडा धूळ न उडवता पिशवीत उतरला. पिशवी पुसली, दुसऱ्या पिशवीत घातली, कुठल्या बोर्डाचा तुकडा ते वर लिहिलं. भोक ओल्या पुट्टीनं बुजवलं. कटर पुसला, फडकं पिशवीत, प्लास्टिक आतल्या बाजूला दुमडून पिशवीत, अंगरखाही पिशवीत. मास्क सगळ्यात शेवटी उतरला. मग कोपऱ्यातल्या नव्या बोर्डाचाही नमुना तिनं नव्या हातमोज्यांनी, पुसलेल्या कटरनं, अगदी त्याच शिस्तीत घेतला. दोन पातेली, दोन शितं.

निकाल आला. जुन्या बोर्डांत अ‍ॅस्बेस्टॉस, भरपूर. कोपरा स्वच्छ.

धाकटीनं तो सर्वांसमोर वाचला, आणि सेनापतींकडे वळून म्हणाली, "या खोलीत निर्धोक असं एकच काम झालंय, भाऊजी, तुम्ही बसवलेलं." हे ऐकून पराभूत माणूस इतका ताठ बसला की कुणालाही वाटावं, युद्ध त्यांनीच जिंकलंय.

परवाना असलेली माणसं आली. खोली प्लास्टिकनं बंदिस्त करून त्यांनी बोर्ड ओले करत, न मोडता उतरवले, पिशव्यांत बांधून नेले, आणि हवा तपासून स्वच्छ असल्याचं लेखी मिळाल्याशिवाय धाकटीनं दार उघडू दिलं नाही. मग मुलगी आली, बाळ आलं, आणि नव्या सिलिंगखाली त्या बाळानं घराचा जो ताबा घेतला तो सेनापतींना जन्मात जमला नव्हता.

गल्लीत बातमी पसरायला सेनापती एकटे पुरेसे होते. आमच्या घरात पाणी मारल्याशिवाय कुणी छताला बोट लावत नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत. हातोडा घेऊन निघालेल्या एका शेजाऱ्याला त्यांनी भर रस्त्यात अडवलं आणि उरलेल्या बोर्डाचा तुकडा पाठवलास तर याद राख, असा दम भरला. लोक धाकटीकडे येऊ लागले. आमचंही छत बघा, आमच्या फरशीखालच्या जुन्या काळ्या गोंदातही ते आहे का बघा. उंदरांचा उल्लेख घरात पुन्हा झाला नाही.

एका संध्याकाळी सगळे त्या खोलीत जमले होते. बाळ पंख्याखाली पालथं पडून पोहत होतं. सेनापतींनी घसा साफ केला आणि ते उभे राहिले. गप्पा थांबल्या. आतून सासरेसुद्धा दाराशी आले आणि विशेष म्हणजे खोकले नाहीत. सेनापतींनी सिलिंगकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, मग बराच वेळ धाकटीकडे.

"धाकटे," ते म्हणाले, "तुझ्यामुळे हे घर वाचलं. चूक माझी होती, हे मी या सगळ्यांसमोर सांगतो."

जाऊबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"आता फक्त एकच," ते आवाज खाली आणून म्हणाले. "लॅबवाल्यांचं बघून झालं असेल, तर माझा तो कप तेवढा धुऊन परत आणशील का?"