पंधराची की तीसची

मी तीसची म्हणालो म्हणजे तीसचीच. होडी माझी, पाण्यात जातो मी, मग तिच्या मागे किती हॉर्सपॉवरची मोटार टांगायची हे ठरवणारा तो मेकॅनिक कोण टिकोजीराव?

हा मेकॅनिक म्हणजे आमच्या धक्क्याच्या टोकाला पत्र्याची शेड टाकून बसलेला इसम. माझ्या बायकोच्या शाळेतला. मला 'दाजी' म्हणतो. म्हणजे ती बहीण आणि मी बहिणीचा नवरा, सगळं कसं साळसूद! पण बहिणीला कुणी 'भिंगरी' म्हणून हाक मारतं का? लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि माझ्या बायकोला शाळेत भिंगरी म्हणायचे हे मला ह्या माणसाकडून कळावं? वर ती त्या हाकेला ओ देते. मला अहो-जाहो, आणि त्याला 'अरे ऐक ना रे'. माझ्या अंगाचा तिळपापड होतो. होतो तर होतो, लपवून काय करू?

जुनी मोटार गेल्या हंगामात बसली ती बसलीच. त्याच फेरीत मीही बसलो. मोटार चालू होईना म्हणून दोरीला हिसके देत होतो, तेवढ्यात छातीत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. बायकोनं वल्ही मारत मारत होडी धक्क्याला लावली. डॉक्टरनं बजावलं, जड उचलायचं नाही आणि झटक्यानं काही ओढायचं नाही. आता आमच्या मोटारी सुरू होतात त्या दोरी झटक्यानं ओढूनच. म्हणजे डॉक्टरनं मला माझ्या जागेवरून उठवलंच की! होडीत मागच्या फळीशी बसून ज्याच्या हातात मोटारीचा दांडा, होडी त्याची. बाकी सगळं सामान.

म्हणून मला तीसची हवी होती. तिला बटण असतं. बोट टेकवलं की सुरू. दोरी नको, हिसका नको, आणि माझ्या जागेवर दुसरं कुणी नको.

हे मी शेडमध्ये जाऊन सांगितलं. बायको बरोबर होतीच. मेकॅनिक पाण्याच्या पिंपात मोटार बुडवून चालवून बघत होता. ती बंद करून त्यानं हात पुसले. हात पुसायचीही ह्याची एक ऐट आहे, एकेक बोट वेगळं पुसतो.

"दाजी, सोळा फुटांची होडी. तुम्ही दोघं, एक जाळं, बर्फाची पेटी आणि मिळेल ती मासळी. पंधराची पुरे."

"होडीवर बिल्ला आहे. त्यावर तीस लिहिलंय," मी म्हणालो. होडी बांधणाऱ्यानं ठोकलेला पत्रा आहे तो, वाचता येतो मला.

"ते जास्तीत जास्त किती झेपेल ते आहे. लिफ्टमध्ये आठ माणसं असं लिहिलेलं असतं, म्हणून आपण आठजण जमेपर्यंत थांबतो का?"

बायको खुदकन हसली. मला त्या विनोदात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

"तीसची जवळजवळ दुप्पट जड," तो पुढे म्हणाला. "मागची बाजू खाली दबणार, मागून लाट आली की पाणी आत. शिवाय जाळं सोडताना तुम्ही होडी अगदी हळू चालवता. मोठी मोटार तशी रखडवली की धूर ओकते आणि प्लग काळे होतात."

"आणि दोरीचं काय? माझ्या छातीचं काय?"

"बटणाला बॅटरी लागते, दाजी. खाऱ्या हवेत ती कधी दगा देईल सांगता येत नाही. मग दोरीच ओढायची. तीसचीची दोरी ओढायची म्हणजे..." इथं तो थांबला, आणि माझ्याकडे नाही, तिच्याकडे वळला. "भिंगरे, इकडे ये. ही ओढून बघ बरं."

आधी त्यानं तीसची पुढे केली. तिनं दोन्ही हातांनी ओढली, मोटारीनं नुसतं हुं केलं. मग पंधराची. "कोपर अंगाशी धर. हातानं नाही, कमरेतून ओढ," असं म्हणत त्यानं तिच्या कोपराला बोटं लावून ते आत ढकललं. बोटंच लावली फक्त. पण लावली! तिसऱ्या झटक्याला मोटार फुरफुरत सुरू झाली आणि माझी बायको लहान मुलीसारखी ओरडली, "झाली रे!"

'रे' कुणाला, ते सांगायला नको.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मोटार माझ्या होडीच्या मापाची घेतली जातच नव्हती. ती माझ्या बायकोच्या हाताच्या मापाची घेतली जात होती. आणि माप कोण घेतोय, तर हा!

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. "तुला शिकवायला मी काय मेलो होतो?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी अर्धवट ठेवून म्हणाली, "नाही ना मेलात. म्हणून तर शिकतेय."

मी दार आपटून बाहेर गेलो. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं तोड काढली. होडी नेहमीसारखी भरायची, ओल्या जाळ्यासकट, आणि पंधराची लावून खाडीच्या तोंडापर्यंत एक फेरी मारायची. होडी उचलून सपाट पळाली नाही, तर तो स्वतः तीसची लावून देणार. बायकोनं मान हलवली. मीही हलवली. म्हणजे पंधराची हरली की माझी जागा मला परत, आणि जिंकली तर मी कायमचा सामान.

आता मी काय हातावर हात ठेवून बसणार होतो? फेरीच्या सकाळी बायको बर्फ आणायला गेली तशी मी खोपटातून जुनं जाळं काढलं. फाटकं, टाकून दिलेलं, पण जाडजूड. धक्क्याच्या पायरीवरून पाण्यात सोडलं, चांगलं भिजवलं आणि ओढून होडीत घेतलं. ओलं जाळं म्हणजे काय वजन असतं हे ज्यानं ओढलंय त्यालाच कळतं. मागच्या फळ्या उचलून त्यांच्याखाली ते कोंबलं आणि फळ्या जागच्या जागी बसवल्या. मग मात्र थोडा वेळ पायरीवर टेकावं लागलं. हात गार पडले होते आणि घाम काही थांबेना. पण मनात उकळ्या फुटत होत्या. म्हटलं, बघू आता तुझी पंधराची, शहाण्या!

मेकॅनिक आला. मोटार लावली, सामान बघितलं आणि मला म्हणाला, "दाजी, तुम्ही धक्क्यावरच थांबा. मागची बाजू पाण्यात किती दबते ते लांबून नीट दिसतं. वजनाला आपण सारखेच आहोत. तुमच्या जागी मी बसतो."

तुमच्या जागी मी बसतो! तोंडावर म्हणाला! आणि मी मूग गिळून धक्क्यावर उभा.

बायको मागे, दांडा तिच्या हातात. तो पुढे, पण तोंड तिच्याकडे करून. होडीत पुढं बसणारा पुढं बघतो, हा मागं बघत बसला. म्हणे मोटार बघायला. होडी निघाली आणि काय सांगू, नाक आभाळाकडे आणि बूड पाण्यात! मोटार बोंबलतेय, होडी जागची हलायला तयार नाही. मला गुदगुल्या झाल्या. ते परत आले तेव्हा मेकॅनिकचं तोंड बघण्यासारखं होतं.

"असं व्हायला नको," तो कपाळ खाजवत म्हणाला.

"होतंय ना पण," मी म्हणालो. "तीसची काढ."

"थांबा. पंखा बदलून बघतो. हा पळायला बरा आहे, ओझं ओढायला नाही."

पाण्याखालचा पंखा बदलला. हा दुसरा वेग कमी देतो, पण ओढ जास्त. पुन्हा निघाले. सुरुवातीला नाक तसंच वर. मग हळूहळू खाली आलं, होडी सपाट झाली आणि सरसर निघाली. दोन जाळी, बर्फ, तो आणि ती, सगळ्यांना घेऊन. खाडीच्या तोंडाशी तिनं मोठं वळण घेतलं. पाण्यावरून तिचं हसू ऐकू आलं. माझ्याबरोबर होडीत ती कधी अशी हसली होती? आठवून बघितलं. आठवलं नाही.

धक्क्याला लागल्यावर ती सामान उतरवायला लागली. मागच्या फळीवर पाय ठेवला तशी फळी डगमगली. घाईत नीट बसवली नव्हती मी. तिनं ती उचलली.

"हे काय?"

मेकॅनिक वाकला. जाळं बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि समजायचं ते समजला. पण हसायला लागला लेकाचा. "अहो दाजी, बरंच केलंत की! ह्याच्याहून जास्त मासळी काही तुम्हाला मिळायची नाही. एवढं ओढलं म्हणजे प्रश्नच मिटला."

मला वाटलं, आता बायको माझी सालटी काढणार. चारचौघांत, त्याच्यासमोर. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. पण तिनं जाळ्याचं टोक हातात धरून वर उचलून बघितलं. उचललं गेलं नाही. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

"हे तुम्ही ओढलंत?" ती म्हणाली. "एकट्यानं? सकाळी?"

मी होडीचा दोर धक्क्याच्या खुंट्याला गुंडाळत राहिलो.

"मी बर्फ घेऊन आले तेव्हा तुम्ही पायरीवर बसला होतात. घामाघूम. मी विचारलं तर म्हणालात, ऊन आहे." तिनं जाळ्याचं टोक सोडून दिलं. "ऊन कुठं होतं हो?"

मेकॅनिक पान्हे उचलून शेडकडे चालू लागला. हाक नाही, विनोद नाही, दाजी नाही. जाताना त्यानं मोटार तिथंच राहू दिली.

ती होडीतच खाली बसली, त्या ओल्या जाळ्यावर. रडली नाही, ओरडली नाही. "त्या दिवशी वल्ही मारताना," ती म्हणाली, "तुम्ही पुढ्यात पडला होतात आणि माझ्या शेजारी बंद पडलेली मोटार. मला ती चालू करता येत नव्हती. ओढून ओढून हाताची सालं गेली. तुम्ही श्वास घेताय की नाही हे बघायला वल्ही सोडावी लागायची, आणि वल्ही सोडली की होडी मागं जायची. तुम्हाला कुठलीही मोटार घ्यायचीय ना, घ्या. तीसची घ्या, पन्नासची घ्या. फक्त मला चालू करता येईल अशी घ्या."

त्याचा हेवा वाटत होता तो वाटतच होता, खोटं कशाला बोलू? त्यानं तिला ते विचारलं होतं जे मी विचारलं नव्हतं. तुझ्यानं ओढवेल का, एवढंच. शाळेतला असो की आणखी कुठला, त्यानं विचारलं होतं.

पंधराची राहिली. परवा पहिल्यांदा कामावर निघालो. मी मागे जायला म्हणून पाऊल टाकलं आणि पुढे जाऊन उभा राहिलो. तिनं कोपर अंगाशी धरलं, कमरेतून ओढलं. नाही. पुन्हा ओढलं. नाही. माझे हात नुसते शिवशिवत होते. तिसऱ्यांदा मोटार सुरू झाली. तिनं दांडा धरला, मान उंच करून माझ्या डावीकडून, मग उजवीकडून बघितलं.

"अहो, खाली बसा," ती म्हणाली. "मला पुढचं दिसत नाही."

मी खाली बसलो.