तार तुटली नव्हती

मी मण्यांची पाटी. तिसरीच्या वर्गातल्या कपाटातून बोलतेय. आवाज दबका वाटला तर दार बंद आहे म्हणून समजा.

मला दोघींनी घडवलं. या वर्गाच्या मोठ्या बाईंनी जुन्या तसबिरीच्या चौकटीला तारा ओढल्या. शेजारच्या तिसरीच्या छोट्या बाईंनी आपली तुटलेली माळ माझ्यात ओवली.

"अगं, माळ पुन्हा ओवून घातली असतीस की!" मोठ्या बाई म्हणाल्या.

"माझ्या गळ्यात राहून कुणाला बेरीज येणारे?" छोट्या बाई हसल्या.

तेव्हापासून माझा एक पाय या वर्गात, एक त्या वर्गात. मुलं मला डोक्यावर धरून पळवायची. शेजारच्या वर्गात एक चपट्या नाकाची मुलगी होती, सगळे तिला नकटी म्हणत. बेरीज जमली की ती माझे सगळे मणी खळकन एका टोकाला लोटायची. काय सुख होतं ते!

मग शाळेत फर्मान आलं. ज्या वर्गाचा निकाल वरचढ, त्या वर्गाच्या बाईंना पगारावर बक्षीस. मोठ्या बाईंच्या यजमानांची नोकरी नुकतीच सुटली होती, त्यामुळे त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

पण एका सकाळी नकटी मला न्यायला आली.

"बाई, पाटी हवीय."

"सांग तुझ्या बाईंना, तार तुटलीय."

माझी तार ठणठणीत होती. नकटी माझ्याकडे बघत दारातच घुटमळली आणि रिकाम्या हाताने गेली. त्याच दिवशी कपाटाला कुलूप लागलं. भिंतीपलीकडे छोट्या बाई बोटांवर बेरजा शिकवताना ऐकू यायच्या. मोठ्या बेरजांना दहा बोटं कुठून पुरणार? माझा जीव नुसता तुटायचा.

निकाल लागला. बक्षीस मोठ्या बाईंना मिळालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पदराने पुसलं आणि स्वतः शेजारच्या दारात नेलं.

"अगं, पाटी आणलीय."

छोट्या बाईंनी आपले मणी चाचपले. तारांवरून सावकाश बोट फिरवलं.

"जोडली वाटतं तार?" त्या म्हणाल्या. "राहू द्या हो बाई. परीक्षा झाली."

मोठ्या बाई मला घेऊन परत फिरल्या.

आता कपाटाला कुलूप नाही, तरी न्यायला कुणी येत नाही. नकटी वरच्या वर्गात गेली. तिच्या खडूने माखलेल्या बोटांची मला फार आठवण येते. मोठ्या बाई कधीमधी दार उघडतात, माझ्याकडे बघतात नि पुन्हा लावून घेतात.

बाई, अजून एकदा न्या मला तिकडे. त्या नको म्हणतील, तरी न्या. मणी तर त्यांचेच आहेत.