कैलासाची धूळ आणि बारा उंदीर

यशवंतपूरच्या मठात त्या गुरुवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. अंगणात माझी आई चंद्राबाई, वय वर्षं बासष्ट, चक्क फुगडी घालत होती! तीन महिन्यांपूर्वी संधिवातामुळे हिला चुलीपर्यंत जायला भिंत धरावी लागे.

"ही राख नव्हे, कैलासाची धूळ!" भस्मप्पा स्वामी गर्जत होते. "गुडघ्यातला शनी खांद्यातून पळतो! भक्तांच्या तोंडावरचं तेज बघा!"

आईचा चेहरा खरंच पुनवेच्या चंद्रासारखा गोल झाला होता. माझा बुवाबाबांवर विश्वास नाही. पण समोर आई गरगर फिरत असताना मी काय बोलणार?

धाकटी बहीण नीरजा मात्र बोलली. साल होतं १९६३. औषधं शोधायची आणि पारखायची कशी, याचं सहा आठवड्यांचं कडक प्रशिक्षण ती हेब्बाळच्या प्रयोगशाळेत घेत होती. तिचे गुरू भीमाचार्य रोज बजावत, "औषध गुडघ्यासाठी देता, पण ते पोचतं सगळ्या अंगात. तुकडा पाहू नका, अख्खा जीव पाहा!"

"अण्णा, एकट्या आईकडे नको, सगळ्यांकडे बघ," ती माझ्या कानाशी लागली.

मी बघितलं. जुने भक्त सगळे एकाच साच्यातले: गाल फुगलेले, पोट सुटलेलं, हातपाय काटक्या, कातडीवर काळेनिळे डाग.

"हे कसलं तेज? ही सूज आहे," नीरजा म्हणाली.

आई रोज खायची त्या विभूतीच्या पुड्या तिने प्रयोगशाळेत नेल्या. बारा उंदरांपैकी सहांना विभूती दिली, सहांना आमच्या चुलीतली राख. आठव्या दिवशी चिरून तपासलं, तर राखवाल्यांचं आतलं सगळं ठणठणीत. विभूतीवाल्यांच्या छातीतली थायमस ग्रंथी आकसून गेलेली, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथीही सुकलेल्या.

"स्टेरॉइड! ते बाहेरून मिळालं की या ग्रंथी अशाच सुकतात," भीमाचार्य म्हणाले. "संधिवाताच्या नव्या गोळ्या कुणीतरी राखेत कुटून घालतंय."

पुढच्या गुरुवारी नीरजा औषध निरीक्षकांना घेऊनच मठात गेली.

"स्वामीजी, उंदरांनाही शनी लागतो का? तुमची विभूती खाऊन त्यांच्या ग्रंथी सुकल्या!"

"मूषक हे गणपतीचं वाहन! त्यांच्यावर वेगळी कृपा!"

"मग आमच्या चुलीची राख खाणाऱ्या उंदरांवर ती का नाही झाली?"

गर्दीत खसखस पिकली. तेवढ्यात निरीक्षकांनी मागच्या खोलीतून खलबत्ता आणि गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्यांचं पोतं बाहेर आणलं.

घरी येताच आई तणतणत पुड्या मोरीत टाकायला निघाली. नीरजाने तिचा हात धरला.

"थांब! एकदम सोडलंस तर जिवावर बेतेल. तुझं शरीर स्वतः हे द्रव्य बनवायचं विसरलंय."

"म्हणजे त्या लबाडाची राख खात राहू?"

"नाही गं. डॉक्टर मोजून गोळ्या देतील, त्या स्वल्प स्वल्प कमी करायच्या."

दुसऱ्या सकाळपासून आम्ही भक्तांच्या घरोघर हेच सांगत फिरलो. दोघांनी तोंडावर दार लावलं. गंगव्वा नावाच्या एका जुन्या भक्तिणीने तर पुड्या आधीच फेकल्या होत्या. ती अंगणात कोसळलेली सापडली. वेळेवर इस्पितळात नेली म्हणून वाचली.

आईच्या गोळ्या सुटायला चार महिने लागले. गुडघे पुन्हा दुखू लागले, तेव्हा ती चिडून म्हणाली, "दुखू दे. दुखतं ते निदान खरं तरी आहे!"

मंडळी, गुण आला की लगेच हात जोडू नका. पुडीत काय आहे आणि ते बाकीच्या शरीराचं काय करतं, एवढं विचारा. खरं औषध प्रश्नांना भीत नाही.