नळी खाली करा

मला यंत्रातलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. चौतीस वर्षं मी शाळेत पीटी मास्तर होतो. माझ्या एका शिट्टीवर म्हैसूरच्या बन्नीमंटपाच्या मैदानात चारशे पोरं सरळ उभी राहायची. आणि आता हे दोन टबांचं वॉशिंग मशीन माझं, खंडोजीरावांचं, ऐकेना!

शुक्रवारी त्यात रुक्मिणीच्या तीन चादरी टाकल्या. मशीन फिरलं, पण पाणी बाहेर जाईना. मगानं वरवरचं उपसलं, तर शेजारचा पिळायचा टबही तळाशी तुंबलेला, नुसता घूं घूं करत राहिला. हातानं पिळावं तर माझा उजवा खांदा वर जात नाही. मागचा पत्रा उघडून पाहिला. आत काय बघायचं तेच कळेना, म्हणून परत लावला. एक स्क्रू उरला. तो अजून माझ्या खिशात आहे.

रुक्मिणी माझी बायको. दोन वर्षांपूर्वी तिचं उजवं अंग गेलं, तेव्हापासून ती खाटेवर. दिवसाला दोन चादरी लागतात, पोट बिघडलं तर चार. वाचाही गेली. एकच शब्द उरलाय, ‘साकु’. म्हणजे पुरे. घास नको असला की साकु, टीव्ही नको असला की साकु. बावन्न वर्षांच्या संसारातला एक शब्द उरला, तोही कानडी.

रिपेरीवाला पद्मनाभ तीन दिवस एकच सांगतोय, ‘नाळे बर्तीनि सार’, उद्या येतो साहेब. त्याचा उद्या काही उजाडत नाही.

आज रविवार. सकाळी नाशिकहून आमच्या मालोजीचा फोन आला.

“बाबा, इथल्या सेंटरमध्ये एक खाट रिकामी झालीय. आईकडे चोवीस तास बघतील. संध्याकाळपर्यंत कळवायचंय. तुमच्यानं होतंय का? खरं सांगा.”

“होतंय की! न व्हायला काय झालं?” मी ओरडलोच. त्या सेंटरात नवऱ्याला राहायला जागा नाही, हे मी केव्हाच विचारून घेतलं होतं. मशीनचं काही बोललो नाही.

पण शेवटची धुतलेली चादर तिच्या अंगाखाली होती. दुपारी मी गुपचूप सूनबाईला फोन लावला. ती साताऱ्याकडची, असल्या गोष्टी तिला कळतात.

“काही बिघडलं नसेल हो बाबा,” ती घाईत म्हणाली. “ती नळी खाली करा, पाणी आपोआप जाईल.”

“बरं,” म्हटलं आणि ठेवला.

आता आमच्या घरातलं मराठी कसं, ते ऐका. पिढ्यान् पिढ्या म्हैसुरात काढल्या आम्ही. आमच्यात ‘नल्ली’ म्हणजे नळ आणि ‘खाली’ म्हणजे रिकामं. डबा खाली झाला, बस खाली आली. सूनबाई ‘नळी’ म्हणाली ते मी ‘नल्ली’च धरलं, तिकडे तसं बोलत असतील म्हटलं. म्हणजे नळ रिकामा करायचा. मला पटलंही, पाइपात वारा अडकला असणार! पुन्हा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण माझ्या मराठीला ती हसते. वाईट मनानं नाही हसत, पण हसते.

मी न्हाणीतला, स्वयंपाकघरातला, परसातला, सगळे नळ सोडले आणि रुक्मिणीशेजारी जाऊन बसलो. पाऊण तास पाणी धो धो वाहिलं. मग नळ खोकले, फुसफुसले आणि थांबले. वारा निघाला, म्हटलं! मशीनपाशी गेलो. पाणी होतं तिथंच.

परत येतो तर रुक्मिणीचं पोट बिघडलेलं. चादर, साडी, सगळं भरलेलं. बादली घेऊन नळाकडे धावलो तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या टाकीत पाणी दिवसाआड येतं. आता उद्या सकाळी. शेजारच्या नागरत्नाम्मा बन्नूरला लग्नाला गेलेल्या, दाराला कुलूप. अय्यो देवा!

तेवढ्यात सूनबाईचा फोन. “केली का नळी खाली?”

“केली.”

“गेलं पाणी?”

“गेलं. टाकी पण खाली झाली.”

“टाकी? टाकी कशाला खाली उतरवलीत?” मग तिला उमगलं आणि ती हसत सुटली. “अहो बाबा, खाली म्हणजे जमिनीवर! रिकामी नव्हे. मशीनमागचा तो करडा पाइप खाली सोडायचा. आई बऱ्या आहेत ना? मग ह्यांना खाट नको म्हणून सांगू?”

“सांग,” मी म्हटलं.

मशीनमागे पाहिलं. करडा पाइप वर आकड्याला अडकवलेला. गुरुवारी फरशी पुसताना मीच अडकवला होता. खाली टाकला, तसं तुंबलेलं सगळं पाणी भळाभळा निघून गेलं. मशीनला काही झालेलंच नव्हतं. मी त्याला एक लाथ घातली. माझाच पाय दुखावला.

पिण्याच्या पाण्याचा एक तांब्या उरला होता. माझं धोतर फाडून, भिजवून तिला पुसायला लागलो. एका तांब्यात काय होणार? पाणी संपलं तरी मी पुसत राहिलो. हात रागात होता, राग माझा माझ्यावर, आणि कातडी तिची लाल होत होती. तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

“साकु,” म्हणाली.

तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पुसणं पुरे, की सगळंच पुरे, हे मी विचारलं नाही. विचारून ती सांगणार कशी? मला रडू आवरेना. खूप वेळ तिचा हात हातात धरून बसलो. मग फोन लावला.

“सूनबाई, मालोजीला सांगितलंस?”

“अजून नाही, बाहेर गेलेत. का हो बाबा?”

“ती खाट,” मी म्हटलं, “अजून रिकामी आहे का गं?”

या वेळी माझा शब्द बरोबर होता. ती हसली नाही.