साक्षीचं पाणी

अमोलिकबद्दल कोणी चांगलं बोललं की त्याच्या विहिरीचं पाणी चढतं. हे आम्हाला मलावीत पोचल्यावर पहिल्याच उपासनेत कळलं.

अमोलिक पाटोळे माझा मित्र. आमच्या जालन्याच्या चर्चच्या मंडळीने त्याला सेवेसाठी या गावात पाठवलं होतं. तो विहीर खोदून जालन्याला परत आला आणि मागच्या वर्षी डेंग्यूने गेला. त्याच्या पेटीवर मी स्वतः मूठभर काळी माती टाकली आहे, त्यामुळे तो मेला याबद्दल मला शंका नव्हती.

त्याच्या आठवणीसाठी आम्ही तिघं आलो होतो: पाळक भांबळसाहेब, मार्थामावशी आणि मी. विहिरीवर पंप बसवायचा, बाळंतिणींच्या दवाखान्यात नळ न्यायचा आणि अमोलिकच्या नावाची संगमरवरी पाटी लावायची. मी भूजलशास्त्रात एम.एस्सी. आहे, म्हणून पंपाचं काम माझ्याकडे होतं.

विहिरीच्या तळाला फक्त लाल चिखल आणि थोडंसं पाणी होतं. साहेबांनी कठड्याशी उभं राहून साक्ष दिली. "आमचा अमोलिक कधी कुणावर चिडला नाही."

पाणी वीतभर चढलं.

"हालेलूया!" मार्थामावशी म्हणाल्या. "आणि त्याने जन्मात कुणाला फसवलं नाही."

पाणी आणखी चढलं. गावच्या पाणी समितीच्या प्रमुख अमाई एनेलेसी वाकून बघत होत्या; अमाई म्हणजे तिकडच्या भाषेत आई. आमच्याशी त्या इंग्रजीत बोलायच्या. "छान," त्या म्हणाल्या. "आणखी बोला."

अमोलिक कॅरममध्ये कोपराने सोंगट्या सरकवायचा आणि पकडला की आरडाओरडा करायचा. माझ्या फोनमध्ये त्याचा व्हिडिओ होता. मी तो लावला. बोर्ड होता, सोंगट्या होत्या. अमोलिक हात मांडीवर ठेवून शांत बसला होता. त्याने माझ्याकडे बघून स्मित केलं. तो असा कधी हसत नसे. तो नाकातून फुर्र करून हसायचा, प्रार्थना चालू असली तरी.

मी विहिरीचं पाणी तपासलं. नवं पाणी आलं असतं तर क्षार बदलले असते. ते उपासनेआधी घेतलेल्या नमुन्याइतकेच होते. म्हणजे पाणी तेवढंच होतं. आहे त्याच पाण्याची पातळी चढायची तर आत काहीतरी बुडायला हवं. मी वजन बांधलेली टेप सोडली. तळ लागायच्या बऱ्याच आधी ती कशावर तरी टेकली. मऊ होतं. टेप वर ओढली तर लगेच सुटेना.

"अमाई, खाली कोण आहे?"

"मला काय विचारता? पाठवताय तुम्ही." त्या बादलीला दोर बांधत होत्या. "माझी सून दवाखान्यात आहे. दिवस भरलेत तिचे. मला पाण्याशी मतलब. तुमचा मित्र याहून चांगला नव्हता का?"

तो होता. साहेब आणि मावशींनी त्याला आणखी चांगला केला. तो उपवास करायचा. तो कधी उशिरा आला नाही. तो गोड गायचा. प्रत्येक वाक्यासरशी पाणी चढलं. घरून आणलेल्या फोटोत अमोलिकचा पुढे आलेला दात सरळ झाला. एक माझ्या लक्षात आलं: साहेब साक्ष द्यायचे, पण विहिरीत कधी डोकावत नसत.

शेवटी त्यांच्याकडचं संपलं. पंपाचा पाइप पाण्याला टेकायला हातभर अंतर उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीचं दार उघडलं. बादल्यांची रांग विहिरीपाशी सुरू होत नव्हती. ती माझ्या उंबऱ्यापाशी सुरू होत होती.

"शमुवेल, आता तू बोल," साहेब म्हणाले. "'देवाने त्याला ही जागा दाखवली.' एवढंच. पाटीवर तेच कोरलंय."

"खरी जागा मी दाखवली होती, साहेब. नकाशावर. ती इथे नाही, ओढ्याच्या वळणावर आहे."

"मेलेल्या माणसाचं असं काढू नये रे, बाळा," मावशी म्हणाल्या. "आणि तुझ्या हट्टापायी त्या पोरीला तहानेलं ठेवणार?"

अमोलिकने इथे खोदलं, कारण इथे आंब्याची सावली होती. तसं त्याने मला फोनवर सांगितलं होतं. "शम्या, तिकडं ऊन बघ की, भाजून निघीन!" आणि तो फुर्र करून हसला होता. तो फोन फक्त मी ऐकला होता. अमोलिकचं आता तेवढंच वर उरलं होतं.

मी बादल्यांच्या मधून विहिरीकडे चालत गेलो. दोन्ही बाजूंना बायका उभ्या होत्या. दवाखान्याच्या खिडकीतून अमाईंची सून बघत होती. साहेबांनी पंप आधीच चालू केला होता.

"बोला," अमाई म्हणाल्या.

"अमोलिकने ही जागा सावली बघून निवडली," मी म्हणालो. "पाणी ओढ्याच्या वळणावर आहे. तिथे खोदा, मी थांबतो."

पाणी खाली गेलं.

"शम्या, गप!" मावशी ओरडल्या.

"तो चिडका होता. कॅरममध्ये कोपर वापरायचा. बेसूर गायचा. मला तो तसाच आवडायचा."

प्रत्येक वाक्यासरशी पाणी उतरलं. पाइप हवेत लोंबकळत राहिला. दवाखान्याच्या नळातून फुर्र असा आवाज आला. मग पुन्हा आला. कोणी हसलं नाही.

अमाईंच्या हातातला दोर ताणला गेला. त्यांनी खाली बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोर माझ्या हातात दिला. "तुमचा माणूस तुम्ही ओढा."

मी ओढू लागलो. मागच्या वर्षी त्याच्या पेटीचा एक कोपरा माझ्या खांद्यावर होता. वजन ओळखीचं होतं.

"पाटी झाका," साहेब मावशींना म्हणाले. "आधी ती पाटी झाका."

कठड्यावर हात आला. कोपरापर्यंत तो लाल चिखलाने माखला होता. नखांत मात्र काळी माती होती.