झाकण उचलून बघणारा

मी एक जुनी पितळी किटली आहे, आणि आधी माझी तक्रार ऐका. आमच्या घरचा घड्याळजी चहा ओतण्याआधी रोज माझं झाकण उचलून आत डोकावतो. चांगल्या घरची किटली मी! हे काय वागणं झालं?

मित्रांनो, तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. घड्याळजीच्या आईनं मला लग्नात आणलं आणि कडीला मऊ चिंधी गुंडाळली. सकाळी भिंतीवर घड्याळं टिकटिकायची, चुलीवर मी गुरगुरायचे. त्याचे काका म्हणायचे, "वहिनी, तुमची किटली तुमच्यावरच गेलीय. तापली की ऐकत नाही!" तेव्हा घड्याळजीही खळखळून हसायचा. ते हसू अजून माझ्या पोटात घुमतं.

मग तो हसेनासा झाला. झोपेना. घड्याळं आपल्याबद्दल कुजबुजतात म्हणून त्यानं सगळी बंद केली. जेवणात कुणी विष कालवतंय, असं त्याला वाटू लागलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलतं केलं, तपासलं आणि म्हणाल्या, "हा मनाचा आजार आहे. औषधानं उतार पडेल, पण वेळ लागेल." तो मात्र गोळी घेईना.

आईचा जीव तुटत होता. तिनं गोळी कुटून त्याच्या कपात टाकली आणि वरून माझा चहा ओतला. त्यानं संशयानं आपला कप काकांच्या कपाशी बदलला, आणि काका दुकानात गिऱ्हाइकासमोर बसल्या बसल्या घोरू लागले! हसू नका. त्याची भीती आईनंच खरी करून दाखवली होती. त्यानं घरचं पाणीसुद्धा सोडलं.

डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, "चोरून काही देऊ नका. त्याला सांगा."

तिनं मला त्याच्यापुढे ठेवलं. "मीच टाकली होती रे गोळी. चुकलं माझं. आज किटलीत नुसता चहा आहे, गोळी बशीत आहे. झाकण काढ, बघ." आधी ती स्वतः प्याली. त्यानं आत बघितलं, बराच वेळ बघितलं. मग चहा घेतला. गोळी त्या दिवशी बशीतच राहिली. पुढे डॉक्टरीणबाईंशी बोलता बोलता तीही घेऊ लागला. हळूहळू एकेक घड्याळ चालू झालं.

आता आई नाही, काका नाहीत. चिंधी तेवढी तीच आहे. मित्रांनो, आजारी माणसाची काळजी त्याच्या पाठीमागे घेऊ नका, समोर बसून घ्या.

आज सकाळी त्यानं गोळी काढून बशीत ठेवली आणि सवयीनं माझं झाकण उचललं. मी त्याच्या चष्म्यावर वाफ सोडली आणि गुरगुरत म्हणाले, "बघ बाबा, रोज बघ. तुझ्या आईनं दिलेला हक्क आहे तो. पण बघून झालं की झाकण नीट लाव, चहा निवतो!"